हिरव्या गाडीचा खोकला

टुलेरी, कॅलिफोर्निया
१२ जुलै २०१६

लिओनोर,

आशीर्वाद पाकिटाच्या तळाशी आहे. आधी तो काढून घे, मग पुढचं वाच. पुढे आशीर्वाद देण्यासारखं काही नाही.

अक्षर शेजारच्या सिल्वेरिओचं आहे. तुझे आजोबा गेल्यापासून माझं लिहिणं-वाचणं तोच करतो. चाळीस वर्षं डेअऱ्यांमधून दुधाचे नमुने तपासत हिंडला, त्यामुळे त्याला सगळ्यात पाणी दिसतं. मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, असं ठरलंय. (तसंच लिहितोय. – सि.) बघ, पहिल्याच पानावर मध्ये तोंड घातलं.

तर, आजोबांची हिरवी गाडी धूरतपासणीत नापास झाली. तपासणीवाल्याने तिला फिरत्या रुळांवर चढवलं, मागे नळी खुपसली आणि जागच्या जागी पळवलं. डॉक्टर तुझ्या बापाला पळवतो तसं. मग कागद दिला. बाकी सगळं ठीक, नायट्रोजनचा कुठलासा वायू तेवढा मापाच्या दुप्पट. मी म्हटलं, अरे, मागून तर काहीच निघताना दिसत नाही. तो म्हणाला, आजीबाई, हा वायू दिसत नाही. म्हणजे न दिसणाऱ्या धुरासाठी नापास. माझ्या लहानपणी आमचे पाद्री पाप असंच मोजायचे.

तुझा बाप आदेलिनो तर वाटच बघत होता. जुन्या गाड्या सरकार घेतं आणि चेपून टाकतं म्हणे, पापडासारख्या. त्याचा फॉर्म आणून त्याने फ्रिजवर चुंबकाने लावलाय, तोही माझ्याच फ्रिजवर. मी म्हटलं, अजून एकदा तपासणीला नेते. तो म्हणाला, आणि पुन्हा नापास झाली तर? मी म्हटलं, तर किल्ली तुझ्या हातात देईन. मुकुटाची शपथ घेतली, त्यामुळे आता मागे फिरता येत नाही.

मुकुटावरून आठवलं, खरी बातमी तीच आहे. उत्सवाच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि बत्तीस वर्षांनी आमचं नाव आलं. दर वर्षी सात घरं निघतात, मुकुट एकेका घरी आठवडाभर राहतो. आमचं सातवं घर. पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट आठवडाभर माझ्या दिवाणखान्यात. तुझे आजोबा नेहमी म्हणायचे, नाव निघालं की मुकुट हिरव्या गाडीतूनच आणायचा, दुसऱ्या कशातून नाही. त्यांना चिठ्ठी निघेपर्यंत थांबता आलं नाही, ही वेगळी गोष्ट.

आता सहावं घर कुणाचं ते ऐक. माझ्या नणंदेचं. दिओलिंदाचं. अठ्ठावीस ऑगस्टला तिच्या दारातून मुकुट उचलायचा आहे, आणि मी तिच्याशी एकोणीस वर्षं बोललेले नाही. कारण तुला ठाऊक आहे, तरी सिल्वेरिओला लिहू दे, त्याला मजा येते. सत्त्याण्णव साली तिच्या अंगणात गाडीतून उतरताना माझी जपमाळ तुटली. मायदेशी तेर्सेरा बेटावरून इकडे यायला निघताना आईने दिलेली, गवती बियांची, एकोणसाठ मण्यांची. मला अक्षर येत नाही, पण मोजता येतं. अठ्ठावन्न सापडले. खाली वाकून वेचणाऱ्या आम्ही दोघीच होतो. मी तिला विचारलं. नुसतं विचारलं. (सगळ्या पाहुण्यांसमोर तिला एप्रनचे खिसे उलटे करायला लावले होते. मी हजर होतो. – सि.)

त्या बाईच्या दारात मी आदेलिनोच्या पांढऱ्या पेटाऱ्यासारख्या गाडीतून उतरले, तर ती पायरीवरून म्हणेल, "अगंबाई, माझ्या भावाची गाडी मोडीत घातलीत वाटतं?" ते मला ऐकायचं नाही. तू तीन वर्षं गॅरेजात हात काळे केलेस. काय करू ते सांग.

अंगठा, हर्मिनिया आजीचा


टेहळणीचा मनोरा, सिएरा पर्वत
२० जुलै

आजी,

आशीर्वाद मिळाला. त्याला सिल्वेरिओकाकांच्या सॉसेजचा वास येत होता.

इथे मी दिवसभर डोंगरावर कुठे धूर दिसतो का बघत बसते, आणि तू तिथे न दिसणाऱ्या धुरामागे लागलीस. एकाच घराण्याचा धंदा झाला. फोन इथे लागत नाही, रेडिओ फक्त वणव्यासाठी, आणि टपाल आठवड्यातून एकदा शिध्याच्या ट्रकबरोबर. तेव्हा हे पत्र नीट जपून ठेव आणि काकांकडून दोनदा वाचून घे.

बहुतेक ईजीआरची झडप कोंडली आहे. जळलेला थोडा धूर परत इंजिनालाच पाजायचं तिचं काम. त्याने आतली आच उतरते, आणि तो वायू होतो तो जास्त आचेनेच. झडपेत काजळी साठली की ती उघडत नाही, मग इंजिन तापतं आणि तू नापास होतेस.

इंजिन गार असताना काम करायचं. दोन बोल्ट काढलेस की झडप हातात येते. तिच्या डोक्यावर बशीसारखी टोपी आहे, आत रबराचा पडदा आहे. टोपीला थेंबसुद्धा लागू द्यायचा नाही. फक्त खालचा लोखंडी भाग कार्ब्युरेटर साफ करायच्या स्प्रेने भिजव आणि जुन्या टूथब्रशने घास. अंगणात बसून, चष्मा लावून. झडप बसते तिथून आत इंजिनात एक वाट जाते, ती झडपेपेक्षा जास्त कोंडलेली असते. तीही खरवडून काढ. बसवताना नवी गॅस्केट घाल. मग इंजिन चालू ठेवून झडपेला नळीचा तुकडा लाव आणि तोंडाने हवा ओढ. इंजिन अडखळलं तर झडप जिवंत आहे.

एक गोष्ट मात्र ऐक. झडप उघडायला इंजिनाची ओढ आणणारी जी बारीक रबरी नळी आहे, ती उपटून बाजूला ठेव आणि काम झालं की परत लाव. बाकी तिला हात लावू नकोस, आत डोकावू नकोस. जुनी आहे, तुटेल. तेरा ऑगस्टला मला दोन दिवस सुट्टी आहे, नळीचं मी येऊन बघते. तोवर तपासणीला जाऊ नकोस.

तुझी लिओनोर


टुलेरी
३१ जुलै

लिओनोर,

आधी कबुली, मग बढाई.

तू स्प्रे लिहिलंस. आदेलिनोने आणूनही दिला, हसत हसत. डबा बघितला तर एवढासा, माझ्या पायाच्या अंगठ्याएवढा. मी म्हटलं, आपण डेअरीची माणसं. दूधयंत्राच्या पाइपांमध्ये दगडासारखी बसलेली साय मी तीस वर्षं धुऊन काढली, आणि आता या अत्तराच्या बाटलीने काजळी काढू? शेडमध्ये पाइप धुवायच्या ॲसिडचं पिंप अजून पडलंय. तुझी झडप मी त्यात टाकली. टोपीसकट. सिल्वेरिओने पत्र हातात धरून मला दोनदा सांगितलं, टोपी भिजवायची नाही म्हणून. (तीनदा. – सि.) मी म्हटलं, आंघोळ घालायची तर डोक्यावरून.

दुपारच्या जेवणानंतर बाहेर काढली. लोखंड असं चकचकीत की वेदीवर ठेवावं. ओढून बघितलं, तर काही नाही. रबराचा पडदा मऊ होऊन चीजसारखा लोंबत होता. सिल्वेरिओने तुझं पत्र घडी घालून खिशात ठेवलं. त्या घडीचाच मला जास्त राग आला.

मग आम्ही भंगाराच्या वाड्यात गेलो. उन्हात गाड्यांच्या रांगाच रांगा, सगळ्यांची तोंडं उघडी. अगदी आपल्यासारखीच एक सापडली, पुढून चेपलेली, रंग तपकिरी. सिल्वेरिओने बॉनेट धरलं आणि मी तिची झडप काढली. मेलेल्या माणसाचा सोन्याचा दात काढावा तसं वाटलं. तिला म्हटलंसुद्धा, बाई, तुला आता काय उपयोग. ती झडप मात्र मी तुझ्या त्या अत्तरानेच धुतली. टोपी कोरडी ठेवून. अंगणात बसून. चष्मा लावून. खूश?

आता बढाई. झडपेखालच्या वाटेत टूथब्रश शिरेना. आदेलिनोने स्क्रू ड्रायव्हर घातला, तो अडकला, मग त्याने शिव्या घातल्या, त्या मात्र आरामात आत गेल्या. मी शेडमधून दूधयंत्राच्या रबरी कपांचा ब्रश आणला. लांब, बारीक, वाकेल तसा वाकणारा. त्याच्यासमोर ती वाट म्हणजे गरीब गाय. आतून एवढी काजळी निघाली की तिच्यात बटाटे लावता आले असते. आदेलिनो म्हणाला, "आई, तू चिमणी साफ करणाऱ्या माणसासारखी दिसतेस." मी म्हटलं, "आणि तू चिमणीसारखा. नुसता उभा, तोंडातून वाफा."

झडप बसवली, इंजिन चालू केलं, तोंडाने ओढलं. गाडीला अशी उचकी लागली की बंदच पडली. मी अंगणात नाचले. मग ती बारीक नळी परत लावली, सिल्वेरिओने गाडी तापवली आणि पाय दाबला. मी झडपेखाली बोट घातलं, आतली दांडी हलते का बघायला. हलली नाही. तोंडाने ओढलं की हलते, नळी लावली की झोपते.

तू त्या नळीला हात लावू नकोस म्हणालीस. का गं?

अंगठा (काजळीसकट), आजी


मनोरा
८ ऑगस्ट

आजी,

टोपीसकट. मी इथे एकटी असते, मोठ्याने हसले तर ऐकायलाही कुणी नाही, तरी हसले.

ब्रशची गोष्ट मी खालच्या वनरक्षकांना रेडिओवर सांगितली. रेडिओ फक्त वणव्यासाठी आहे, म्हणून त्यांनी मला झापलं आणि मग विचारलं, तो ब्रश कुठे मिळतो.

वाईट बातमी आहे. इथे कोरड्या विजा पडतायत, पाऊस एक थेंब नाही. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. तेरा तारखेला मी येत नाही.

नळीचं म्हणशील तर ती जुनी आहे, आणि ती काढली तर बाकीच्याही निघतील, आणि कुठली कुठे लावायची हे कळणार नाही, आणि तिथे एक थंड-गरमची गुंडी असते, ती बिघडली तर मिळत नाही, आणि उन्हाळ्यात रबर चिकटतं. तपासणी सप्टेंबरात ढकल. मुकुट यंदा बाबांच्या गाडीतून आण. आजोबा समजून घेतील.

लिओनोर


टुलेरी
१६ ऑगस्ट

लिओनोर,

हे पत्र लहान आहे, सिल्वेरिओच्या बोटाला पोळी भाजताना चटका बसलाय.

तू खोटं बोलतेस. खोटं बोलायला हरकत नाही, पण घराण्यात शिकून घ्यायचं असतं. नळीला एक कारण पुरलं असतं, तू पाच दिलीस. तुझे आजोबा असंच करायचे. दर दुसऱ्या वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी गॅरेजचं दार आतून लावून घ्यायचे. मी विचारलं की म्हणायचे, गाडीशी बोलायचं आहे, आणि तेल बघायचं आहे, आणि टायर, आणि उंदीर झालेत. मला वाटायचं बाटली लपवलीय. तपासणी झाली की पुन्हा दार बंद. तेव्हा तू कडेला गोट्या खेळत बसलेली असायचीस.

आणि आजोबा समजून घेतील म्हणतेस. त्यांनी जिवंतपणी काही समजून घेतलं नाही, आता कुठून घेतील? मुकुट हिरव्या गाडीतून येईल, नाहीतर मी चालत जाईन आणि डोक्यावर घेऊन येईन.

तपासणी पंचवीसला ठरली आहे. आदेलिनोने फॉर्ममध्ये माझं नाव भरलं, अंगठ्याची जागा तेवढी रिकामी ठेवली आहे. रोज कॉफी पिताना मला ती जागा दिसते.

नळीत काय आहे ते सांग.

आजी


मनोरा
२० ऑगस्ट

आजी,

हे पत्र तुला पंचवीसच्या आत मिळेल की नाही, माहीत नाही. शिध्याचा ट्रक धुरामुळे थांबलाय.

मी आठ वर्षांची होते. आजोबांनी गॅरेजात ती नळी काढली आणि लांब चिमट्याने आतून एक बी ओढून काढलं. राखाडी, चकचकीत, मधोमध भोक, आणि भोकात आगकाडीचं टोक ठोकलेलं. मी म्हटलं, आजोबा, हा आजीच्या माळेतला मणी. ते एकदम खालीच बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. गाडी सुटताना धक्के द्यायची. तू म्हणायचीस, तुमच्या गाडीत बसलं की सूप मांडीवर आणि विणकाम खिडकीबाहेर, यापेक्षा मी बैलावर बसेन. झडप मध्येच उघडते म्हणून धक्के बसतात, एवढं त्यांना कळलं होतं. ती नळी बंद केली की झडप झोपते आणि गाडी लोण्यासारखी चालते. माळ तुटली त्या संध्याकाळी त्यांना सीटखाली एक मणी मिळाला. नळीत बरोबर बसला. तुझा राग उतरला की सांगू म्हणाले. पण त्याच दिवशी तू सगळ्यांसमोर आत्याआजीचे खिसे उलटे करवून आली होतीस, तो राग काही उतरेना. मग ते सांगायचं राहिलं. तपासणीच्या आधी मणी काढायचे, पास झाली की परत घालायचे. मला शपथ घातली आणि एक आइस्क्रीम दिलं.

मला वाटलं होतं तेराला येईन, गुपचूप काढीन आणि तू कधीच विचारणार नाहीस. मणी काढ, आजी. गाडी पास होईल. पुढचं मला सुचत नाही.

लिओनोर


टुलेरी
२९ ऑगस्ट

लिओनोर,

अक्षर बदललंय, ओळखलंस का? आधी सगळं ऐक, मग सांगते कुणाचं.

तुझं पत्र सव्वीसला आलं, तपासणीच्या दुसऱ्या दिवशी. कबुली द्यायला तुमच्या घराण्यात नेहमीच ट्रक उशिरा येतो.

चोवीसला दुपारी मी गाडीपाशी स्टूल घेऊन बसले. नळीत तोंडाने फुंकलं, हवा जाईना. टाचणी घातली, पुरेना. मग टेबलक्लॉथ विणायची आकड्याची सुई आणली. ती आत घातली, फिरवली, ओढली, आणि माझ्या मांडीवर मणी पडला. आगकाडीसकट.

सिल्वेरिओ समोर उभा होता. त्याने टोपी काढली, मयताला काढतात तशी. म्हणाला, "हर्मिनियाबाई, हा तर..." मी म्हटलं, "गप्प बस, मला मोजू दे." आत गेले, माळ काढली, अठ्ठावन्न मोजले, हातातला धरून एकोणसाठ. पुन्हा मोजले. मला वाटत होतं निदान हिशेब तरी चुकेल. चुकला नाही.

मग मी गॅरेजात जाऊन दार आतून लावलं आणि तुझ्या आजोबांशी बोलले. काय बोलले ते लिहायला या अक्षराने नकार दिलाय.

पंचवीसला गाडी पास झाली. तो वायू मापाच्या निम्माच. तपासणीवाला म्हणाला, आजीबाई, कुणाकडून काम करून घेतलंत? मी म्हटलं, चाळीस गाईंकडून. आदेलिनो दारात उभा होता. मी घरी येऊन फ्रिजवरचा फॉर्म काढला आणि त्यावर अंगठा उमटवून त्याला दिला, काजळीचा, फॉर्मच्या मधोमध. म्हटलं, आठवण म्हणून ठेव. आणि गाडीला आता धक्के बसत नाहीत, बरं का. वाट साफ झाली तेव्हाच रोग गेला होता. तुझ्या आजोबांनी एकदा ब्रश घातला असता तर एकोणीस वर्षं वाचली असती. पण ब्रश बायकांच्या शेडमध्ये होता.

काल रविवारी हिरव्या गाडीतून एकटीच निघाले, तुझे आई-बाप मागून त्यांच्या पांढऱ्या गाडीतून. मणी मुठीत, मूठ स्टीअरिंगवर. दिओलिंदा पायरीवर उभी, हातात मुकुट, पांढऱ्या कापडावर. मागे तिच्या घरचे सगळे, गोड पावाच्या परड्या घेऊन. रीत अशी की देणाऱ्याने काही बोलायचं नाही, घेणाऱ्याने मुकुटाचं चुंबन घ्यायचं. मी गाडीतून उतरले, चुंबन घेतलं, आणि मग सगळ्यांसमोर माझ्या एप्रनचे खिसे उलटे केले. दोन्ही. एकातून रुमाल पडला, दुसऱ्यातून काही नाही. मग मूठ उघडली.

तिने मणी बोटाने उलटा करून बघितला. म्हणाली, "कुठे होता?" मी म्हटलं, "तुझ्या भावाने गाडीच्या नळीत कोंबला होता." "का?" "मी धक्क्यांबद्दल कुरकुर करते म्हणून." तिने मुकुट तुझ्या आईच्या हातात दिला, पायरीवर बसली, आणि इतकी हसली की परडीवाले घाबरले. मी तिच्या शेजारी बसले, पायरी रुंद होती म्हणून, दुसरं काही नाही. हसून झालं तेव्हा तिचे डोळे पुसलेले होते. माझा रुमाल तिथेच पडलेला होता, तोच तिने वापरला.

मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "असं नाही. लिहून दे." मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. ती म्हणाली, "मला येतं. तू सांग, मी लिहिते." म्हणून आज सकाळपासून ती माझ्या टेबलाशी बसलीय. मुकुट कोपऱ्यात, पेन तिच्या हातात. सिल्वेरिओ रुसून अंगणात कांदे सोलतोय. एप्रनच्या खिशांचं वाक्य तिने मला तीनदा सांगायला लावलं, नीट ऐकू आलं नाही म्हणे. कान तिचे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

मणी मी माळेत ओवला नाही. एवढी वर्षं त्या रिकाम्या जागी मी बोटाचं पेर धरायचे, आणि प्रार्थनेऐवजी दिओलिंदाला एक शिवी घालायचे. रोज एक, न चुकता. सवय झालीय, आता सुटायची नाही. म्हणून जागा तशीच ठेवलीय. आजपासून तिथे तुझ्या आजोबांना शिवी. तेवढीच रोजची भेट.

विजा थांबल्या की ये. गाडी घेऊन स्टेशनावर येईन. लोण्यासारखी चालते.

अंगठा, आजी

ता. क. लिओनोर, वरचं सगळं तिने सांगितलं तसंच लिहिलंय, माझ्याबद्दलचंही. एक ओळ माझी स्वतःची. मणी मी घेतला नव्हता. काल तिने माझ्या एप्रनच्या खिशात टाकला, तेव्हा आता घेतलाय.

दिओलिंदा आत्याआजी